तासीतोलूचे मैदान : पूर्व तिमोरच्या स्वातंत्र्याची कहाणी

१० सप्टेंबर २०२४ रोजी पूर्व तिमोर या छोट्या राष्ट्राची राजधानी डिली हिच्या सीमेवरील तासीतोलू या समुद्रकाठच्या मैदानात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मिस्साबलिदान अर्पण केले. त्या वेळी सुमारे सहा लाख लोक तेथे उपस्थित होते. देशाची एकूण लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जवळजवळ निम्मा देश भर उन्हात पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या धरून एका वेदीभोवती जमला होता. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहून आपल्यापैकी अनेकांचे मन भरून आले असेल.

तथापि, हे मैदान केवळ त्या एका दिवसामुळे प्रसिद्ध झालेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८९ साली याच ठिकाणी मिस्सा अर्पण केली, तेव्हा सभोवती इंडोनेशियाचे सैनिक उभे होते. मे २००२ मध्ये स्वतंत्र पूर्व तिमोरचा ध्वज मध्यरात्री येथेच फडकला. आणि या दोहोंच्या आधी, व्यापाराच्या नव्हे तर वैऱ्याच्या राजवटीत, ठार केलेल्या माणसांची प्रेते आणून टाकण्याची जागा म्हणून तासीतोलूचे नाव लोक दबक्या आवाजात घेत असत. आणखी एक गोष्ट आपल्याला चकित करील. आज ज्या देशाची पंचाण्णव टक्क्यांहून अधिक प्रजा कॅथलिक आहे, त्या देशात १९७५ साली कॅथलिकांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होते. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांत जे केले नाही, ते त्यांच्या माघारीनंतरच्या चोवीस वर्षांत कसे घडले?

चंदनाचे बेट

तिमोर हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस आणि इंडोनेशियाच्या द्वीपमालिकेच्या पूर्व टोकाला असलेले लांबट, डोंगराळ बेट आहे. एका मुलाने वाचवलेल्या मगरीने उपकाराची फेड म्हणून मरतेसमयी आपल्या देहाचे बेट केले, अशी तेथील आख्यायिका असून तिमोरी माणूस मगरीला आजही ‘आजोबा’ म्हणतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तेथे पोहोचले ते चंदनाच्या ओढीने. त्यांच्या मागोमाग डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू आले आणि पुष्कळ काळ प्रत्यक्षात तेच तेथील पोर्तुगीज सत्तेचे प्रतिनिधी होते. पुढे डच आले. बेटाची पश्चिम बाजू त्यांच्याकडे गेली, पूर्व बाजू पोर्तुगीजांकडे राहिली आणि या वाटणीची सीमारेषा १९१४ साली लवादाच्या निवाड्याने कायम झाली. तिमोरी लोकांना त्याबाबत कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातून चालत असे. वसईचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी घेतला, त्या वेळी वसई आणि तिमोर ही दोन्ही ठिकाणे गोव्यातील एकाच व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होती. १८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि तिमोरमधील मिशनकार्य जवळजवळ ओस पडले. त्या पडत्या काळात ते काम ज्या मोजक्या धर्मगुरूंनी सांभाळले त्यांत गोव्याचे धर्मगुरूही होते. डिलीचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होण्यास १९४० साल उजाडावे लागले.

पोर्तुगीज राजवटीने या वसाहतीकडे दुर्लक्षच केले. रस्ते नाहीत, शाळा मूठभर, नव्वद टक्क्यांहून अधिक प्रजा निरक्षर. वाढीव डोईपट्टीविरुद्ध मानुफाही येथील राजा दों बोआव्हेंतुरा याने १९११-१२ मध्ये उठाव केला आणि तो निर्घृणपणे चिरडण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट व्यापले. ऑस्ट्रेलियाच्या छोट्याशा तुकडीला तिमोरी खेडुतांनी आसरा दिला, अन्न दिले, वाटा दाखविल्या. त्याची किंमत म्हणून चाळीस ते सत्तर हजार तिमोरी माणसे प्राणांस मुकली. ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी हे ऋण जन्मभर मानले. त्यांच्या सरकारने मात्र ते कसे फेडले, हे पुढे येईलच.

एक राजवट गेली, दुसरी आली

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथून टाकली आणि पोर्तुगालच्या वसाहतींची दारे एकाएकी उघडली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. तिमोरमध्ये राजकीय पक्ष प्रथमच स्थापन झाले. त्यांतील ‘फ्रेतिलिन’ला त्वरेने स्वातंत्र्य हवे होते, ‘यूडीटी’ला पोर्तुगालशी नाते राखून सावकाश पुढे जावयाचे होते, तर ‘अपोदेती’ हा लहानसा पक्ष इंडोनेशियात विलीन होण्याच्या बाजूचा होता.

या पक्षांचे बरेच पुढारी डिलीजवळच्या डारे येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या लहान सेमिनरीत शिकलेले होते. निकोलाव लोबातो तेथलेच, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शनाना गुस्मांव हेही तेथलेच. देशात दुसरे चांगले शिक्षण उपलब्धच नव्हते. सेमिनरीतून धर्मगुरू न होता बाहेर पडलेला मुलगा वाया गेला, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. त्यांना तिमोरचा इतिहास ऐकवावयास हवा होता!

ऑगस्ट १९७५ मध्ये यूडीटीने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, यादवी पेटली, काही हजार माणसे मारली गेली आणि पोर्तुगीज गव्हर्नर समोरच्या आताउरो बेटावर निघून गेले. ते परतलेच नाहीत. यादवीत फ्रेतिलिन विजयी झाली. या यादवीची लाज तिमोरी लोक आजही बाळगून आहेत, कारण तिनेच शेजाऱ्याला निमित्त पुरविले. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिनने स्वातंत्र्याची घोषणा केली. हे स्वातंत्र्य नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरच्या पहाटे इंडोनेशियाचे छत्रीधारी सैनिक डिलीवर उतरले. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर आदल्याच दिवशी जकार्ताहून परतले होते. त्यांनी सुहार्तो यांना आडकाठी केली नव्हती, हे अनेक वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सायगाव पडले होते, आणि फ्रेतिलिनवर ‘साम्यवादी’ असा शिक्का मारणे सोपे होते. खेदाची बाब अशी की, ही भीती डिलीच्या बिशपगृहातही होती. बिशप जोझे रिबेरो यांना साम्यवादाचे मोठे भय वाटत होते. आक्रमणानंतर जे त्यांनी पाहिले त्याने ते खचून गेले आणि १९७७ मध्ये पायउतार झाले. जुलै १९७६ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर हा आपला सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांनी ते कधीच मान्य केले नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र मान्य केले, आणि १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातील तेल व वायू यांच्या वाटणीचा करारही इंडोनेशियाशी केला.

गोव्याचा दाखला

येथे एका प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे, कारण तो आपल्या घरचा आहे. १९६१ साली भारतीय सैन्य गोव्यात शिरले ती मुक्ती, आणि १९७५ साली इंडोनेशियाचे सैन्य तिमोरमध्ये शिरले ते आक्रमण, असे का? दोन्ही पोर्तुगीज वसाहती, दोन्हींना वेढून असलेला मोठा शेजारी, दोन्हींत कॅथलिक समाज. गोव्याचा हा दाखला त्या काळी इंडोनेशियाच्या बाजूने दिला जात असे. डिसेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत भारत होता. आपल्या सरकारची अडचण समजण्यासारखी आहे. पण तो ठराव वाचला तर त्यात मागितले होते एवढेच, की सैन्य मागे घ्यावे आणि तिमोरी जनतेला आपले भवितव्य ठरवू द्यावे.

गोव्याची भाषा तेरेखोलच्या पलीकडे आणि काळी नदीच्या पलीकडेही बोलली जात होती. सोयरीक, देवदर्शन, यात्रा, नोकरीचाकरी, सारे काही सीमा ओलांडून चालत होते. मुंबईतील गोवेकरांचे ‘कूड’ आपण सर्वांनी पाहिले आहेत. पोर्तुगीजांविरुद्ध लढा गोवेकरांनी स्वतः उभारला होता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यासारखे कॅथलिक त्यात अग्रभागी होते. तिमोरमध्ये इंडोनेशियाला बोलावणारा पक्ष सर्वांत दुबळा होता, आणि जकार्ता दोन हजार किलोमीटर दूर होते. पश्चिम तिमोरमधील काही लोक त्याच भाषा बोलतात आणि त्यांचे एकमेकांशी नातेसंबंधही आहेत, हे खरे. परंतु सैन्य त्या नातेवाइकांनी पाठविलेले नव्हते.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. प्रश्न भारतात राहण्याचा नव्हता, तर महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, एवढाच होता. ३४,०२१ मतांच्या आधिक्याने विलीनीकरण नाकारले गेले. महाराष्ट्रात अनेकांना त्याचे दुःख झाले, कित्येक गोवेकर हिंदूंनाही झाले. पण निकाल सर्वांनी मानला, कोणाचे घर जाळले गेले नाही. तिमोरी लोकांना असा साधा प्रश्न विचारला जावा म्हणून चोवीस वर्षे थांबावे लागले.

डोंगरात, आणि छावणीत

आक्रमणानंतर लाखो लोक फ्रेतिलिनच्या सैनिकांबरोबर डोंगरात गेले. तेथे शेती केली, शाळा चालविल्या, काही ठिकाणी धर्मगुरूही त्यांच्याबरोबर होते. १९७७ आणि १९७८ मध्ये इंडोनेशियाने विमानांतून बॉम्बफेक करून एकेक डोंगर मोकळा केला. १९७८ च्या अखेरीस मातेबियान पडला, ३१ डिसेंबरला निकोलाव लोबातो मारले गेले. खाली उतरलेल्या लोकांना छावण्यांत कोंडण्यात आले. तेथून शेतात जाण्याची मुभा नव्हती. मग दुष्काळ आला. आभाळाने आणलेला नव्हता तो. पेरणी करू न दिल्याने आला.

स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २००५ साली आपला अहवाल दिला. त्याचे शीर्षक ‘शेगा’ असे आहे. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘पुरे झाले’. आयोगाच्या हिशेबाप्रमाणे १९७४ ते १९९९ या काळात किमान १,०२,८०० माणसे या संघर्षामुळे दगावली. त्यांपैकी सुमारे १८,६०० जणांची हत्या झाली किंवा ती बेपत्ता झाली. उरलेली सुमारे ८४,२०० उपासमारीने व रोगराईने गेली. १९७४ मध्ये देशाची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या जवळपास होती.

तेतुमची मिस्सा

बिशप रिबेरो यांच्यानंतर धर्मप्रांताची धुरा मॉन्सिन्योर मार्तिन्यो दा कोस्ता लोपिस या तिमोरी धर्मगुरूंकडे आली. ते राजकारणाला नवखे नव्हते. पोर्तुगीज अमदानीत ते लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी होते. सुरुवातीला त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांना खाजगीत भेटून विनंत्या केल्या, पत्रे लिहिली. त्याचा उपयोग होईना. १९८१ मध्ये सैन्याने गावोगावच्या पुरुषांना व मुलांना ओळीने उभे करून, हातात हात घालून डोंगर चढावयास लावले आणि त्यांच्या आडून बंडखोरांना हुसकावण्याची मोहीम काढली. लोक तिला ‘पायांचे कुंपण’ म्हणत. त्या मोहिमेच्या अखेरीस लाक्लुता भागात निःशस्त्र माणसांची कत्तल झाली, पेरणीचा हंगाम हुकला आणि पुन्हा उपासमारीची छाया पडली. आता मात्र दों मार्तिन्यो उघडपणे बोलू लागले. ऑस्ट्रेलियाला लिहिलेले त्यांचे दुष्काळाचा इशारा देणारे पत्र १९८२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले आणि जगाला प्रथमच आतली बातमी कळली. इंडोनेशियाने त्यांना दूर करण्यासाठी दबाव आणला. मे १९८३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९९१ साली लिस्बनमध्ये त्यांचा मृत्यू झाला; मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही. त्यांना कोणते पारितोषिक मिळाले नाही, आणि आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल. म्हणूनच येथे थोडे विस्ताराने लिहिले.

त्यांच्या कारकिर्दीतील एक निर्णय मात्र फार दूरवर परिणाम करून गेला. १९८१ मध्ये इंडोनेशियाने चर्चमधील पोर्तुगीज भाषेच्या वापरावर बंदी घातली. सरकारची अपेक्षा अशी की, तिच्या जागी इंडोनेशियन भाषा येईल. ख्रिस्तसभेने तेतुम या स्थानिक भाषेची निवड केली आणि त्याच वर्षी व्हॅटिकनने उपासनेसाठी तिला मान्यता दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा ऐकताना आपल्या वडीलधाऱ्यांना काय वाटले, ते ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना याची थोडी कल्पना येईल. थोडीच, कारण आपल्याकडे शाळेत, बाजारात, कचेरीत मराठी होतीच. तिमोरमध्ये शाळा इंडोनेशियन, कचेरी इंडोनेशियन, बंदूकही इंडोनेशियन. चार माणसांनी एकत्र जमून आपल्या भाषेत मोठ्याने बोलावे, गावे, रडावे अशी जागा एकच उरली, ती म्हणजे चर्च. तेतुम ही काही सर्वांची मातृभाषा नव्हती. देशात पंधराहून अधिक भाषा आहेत. पण मिस्सेबरोबर ती डोंगरोडोंगरी पोहोचली. स्वातंत्र्याला तेतुममध्ये ‘उकुन रासिक आन’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ आपले आपण राज्य करणे. मराठी माणसाला त्याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

कॅथलिकांची संख्या वाढण्याचे आणखी एक, काहीसे रुक्ष कारण होते. इंडोनेशियाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नागरिकाने सरकारमान्य धर्मांपैकी एकाची नोंद करणे आवश्यक होते. पूर्वजांची पूजा करणाऱ्या बहुसंख्य तिमोरींनी कॅथलिक हा शब्द लिहिला. त्यात श्रद्धा किती आणि आसरा किती, याचा हिशेब कोण करणार? त्या लोकांनी स्नानसंस्कार घेतल्यावर ख्रिस्तसभेनेही त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दाखविले, म्हणून ती नोंद कागदापुरती राहिली नाही, असे मात्र म्हणता येईल.

रोमची भूमिका सावध होती. इंडोनेशियातही लक्षावधी कॅथलिक अल्पसंख्य म्हणून राहतात; त्यांना धक्का लागू नये ही काळजी होती. तरीही व्हॅटिकनने डिलीचा धर्मप्रांत इंडोनेशियाच्या बिशप मंडळाला कधी जोडला नाही, तो थेट आपल्या हाताखाली ठेवला. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे डिलीला आले तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष एका गोष्टीकडे होते. नव्या देशात पाऊल ठेवताच ते भूमीचे चुंबन घेत. येथे घेतले तर हा वेगळा देश ठरेल, न घेतले तर इंडोनेशियाचा भाग ठरेल. त्यांनी क्रुसाचे चुंबन घेतले. मिस्सा संपताच तासीतोलूवर तरुणांनी घोषणा दिल्या आणि पोलिसांनी त्यांना मारहाण केली. परदेशी पत्रकारांनी ते पाहिले.

सांता क्रूझ

२८ ऑक्टोबर १९९१ रोजी डिलीच्या मोताएल चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या सेबास्तियांव गोम्स या तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. तिमोरी रिवाजाप्रमाणे दफनानंतर पंधरवड्याने कबरीवर फुले वाहतात. १२ नोव्हेंबरला सकाळी मोताएलमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली आणि हजारो लोक सांता क्रूझ दफनभूमीकडे चालू लागले. वाटेत त्यांनी लपवून आणलेले फलक उघडले. दफनभूमीच्या दाराशी सैन्याने गोळीबार सुरू केला. दोनशेहून अधिक माणसे, बहुतेक विशीच्या आतबाहेरची, मारली गेली. मॅक्स स्टाल नावाचा ब्रिटिश पत्रकार थडग्यांच्या आड राहून चित्रीकरण करीत होता. पकडले जाण्यापूर्वी त्याने फीत एका ताज्या कबरीत पुरली आणि रात्री परत येऊन उकरून नेली. याआधी यापेक्षा मोठ्या कत्तली झाल्या होत्या. पण त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. त्या चित्रफितीत गोळीबारापासून लपलेली मुले दफनभूमीतील छोट्या प्रार्थनागृहात दाटीवाटीने बसून पोर्तुगीजमध्ये प्रार्थना म्हणताना ऐकू येतात. पोर्तुगालमध्ये ती प्रार्थना ऐकून लोक हादरले.

१९८३ पासून धर्मप्रांत सांभाळणारे, सालेशियन संघाचे कार्लोस फिलिप शिमेनिस बेलो यांनी त्या दिवशी पळून आलेल्या अनेकांना आपल्या आवारात घेतले. ते नेमले गेले तेव्हा दों मार्तिन्यो यांच्या जागी आलेला हा तरुण सरकारच्या मर्जीतला असेल, असा संशय तेथील धर्मगुरूंनाच होता. तो त्यांनी खोटा ठरविला. १९८९ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पत्र लिहून सार्वमताची मागणी केली. १९९६ मध्ये त्यांना आणि परदेशात राहून तिमोरची बाजू मांडणारे जोझे रामोस-होर्टा यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या ठिकाणी लेखणी थांबवून पुढच्या प्रकरणाकडे वळणे सोपे झाले असते. तसे करणे योग्य होणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एका डच नियतकालिकाने, बेलो यांनी धर्मगुरू व बिशप असताना अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप प्रसिद्ध केले. दुसऱ्याच दिवशी व्हॅटिकनने मान्य केले की, अशा आरोपांवरून २०२० मध्येच त्यांच्यावर बंधने घालण्यात आली होती. त्यांचे फिरणे, त्यांची सेवा, मुलांशी संपर्क, पूर्व तिमोरशी संपर्क, या सर्वांवर ती होती आणि बेलो यांनी ती स्वीकारली होती. तिमोरमध्ये ही बातमी अनेकांना सहन झाली नाही. ज्यांनी आपल्याला सैन्यापासून वाचविले त्यांच्याबद्दल असे ऐकणे जड जाते. मात्र तक्रार करणारेही तिमोरीच होते, तेही त्याच दहशतीत वाढले होते, आणि त्यांना वाचविणारे कोणी नव्हते. आपल्या ख्रिस्तसभेचा गौरव सांगताना त्यांना वगळावे, असे मला वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या भेटीत कोणाचे नाव घेतले नाही. मुलांवर व तरुणांवर होणारे सर्व प्रकारचे अत्याचार रोखण्याचे आवाहन मात्र त्यांनी डिलीतील पहिल्याच भाषणात केले.

एक मतपत्रिका, दोन चिन्हे

मे १९९८ मध्ये आर्थिक संकटाने सुहार्तो यांची सत्ता गेली. नवे अध्यक्ष हबीबी यांनी जानेवारी १९९९ मध्ये अनपेक्षितपणे जाहीर केले की, तिमोरी लोक स्वायत्तता नाकारीत असतील तर त्यांना जाऊ द्यावे. ५ मे रोजी इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. मतदान संयुक्त राष्ट्रांनी घ्यावे, सुरक्षा मात्र इंडोनेशियाने ठेवावी, असे त्यात ठरले. ही अट केवढी महागात पडली, हे लवकरच दिसले. सैन्याच्या आशीर्वादाने गावोगाव सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या होत्या. एप्रिलमध्येच लिकिसा येथे धर्मगुरूंच्या घराच्या आवारात आसऱ्याला आलेल्या कित्येकांना कापून काढण्यात आले होते.

३० ऑगस्ट १९९९ रोजी मतदान झाले. लोक आदल्या रात्रीच डोंगर उतरून निघाले होते. पहाटे मतदान केंद्रे उघडण्यापूर्वी रांगा लागल्या होत्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मतपत्रिकेवर दोन चित्रे होती. नोंदणी झालेल्या सुमारे साडेचार लाख मतदारांपैकी ९८.६ टक्के मतदारांनी मत दिले. ४ सप्टेंबरला निकाल लागला. स्वायत्ततेच्या बाजूने ९४,३८८ आणि विरोधात, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूने, ३,४४,५८०. शेकडा ७८.५.

निकालाच्या दिवशी डिलीत जल्लोष झाला नाही. लोक मुले घेऊन पळू लागले. पुढल्या दोन-तीन आठवड्यांत देशातील सुमारे सत्तर टक्के इमारती जाळल्या वा मोडल्या गेल्या, अडीच लाखांच्या आसपास माणसे पश्चिम तिमोरला हाकलली गेली. त्या वर्षातील हिंसाचारात सुमारे चौदाशे जण मारले गेले. ६ सप्टेंबरला डिलीतील बिशपगृह पेटविण्यात आले. त्याच दिवशी सुआई येथील आवे मारिया चर्चच्या आवारात टोळीवाले शिरले. तेथे आसऱ्याला आलेल्यांपैकी किमान चाळीस जण, आणि त्यांच्याबरोबर तीन धर्मगुरू मारले गेले. फादर इलारियो मादेइरा आणि फादर फ्रान्सिस्को सोआरिस हे तिमोरी होते. तिसरे, फादर तार्सिसियुस देवांतो, हे जावा बेटावरचे इंडोनेशियन येशूसंघीय धर्मगुरू. त्यांच्या गुरुदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ते बाजूला झाले असते तर कदाचित वाचले असते, हा विचार मनातून जात नाही. महिनाअखेरीस मदत पोहोचवून परतणाऱ्या दोन कनोसियन धर्मभगिनींनाही रस्त्यात अडवून ठार करण्यात आले.

२० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय फौज उतरली. दुसऱ्या महायुद्धातील ऋण अशा रीतीने, फार उशिरा, काही अंशी फेडले गेले. समुद्रातील सीमेचा वाद मात्र त्याच ऑस्ट्रेलियाशी २०१८ पर्यंत चालू राहिला. अडीच वर्षे संयुक्त राष्ट्रांनी कारभार चालविला. २० मे २००२ रोजी, मध्यरात्रीच्या ठोक्याला, तासीतोलूवर राष्ट्रध्वज चढला. सात वर्षे तुरुंगात व नजरकैदेत काढलेले शनाना गुस्मांव राष्ट्राध्यक्ष झाले. त्या समारंभाला इंडोनेशियाच्या अध्यक्षा मेगावती सुकर्णोपुत्री उपस्थित राहिल्या आणि गुस्मांव यांनी त्यांचे हात धरून स्वागत केले.

स्वातंत्र्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. २००६ मध्ये सैन्यातच फूट पडून डिली पुन्हा जळाली. २००८ मध्ये रामोस-होर्टा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते थोडक्यात बचावले. तेलाच्या पैशावर देश उभा आहे, तरुणांना काम नाही, मुलांचे कुपोषण मोठे आहे. मात्र निवडणुका होतात, सत्ता बदलते, हरलेला घरी जातो. २७ ऑगस्ट २०२२ रोजी रोममध्ये डिलीचे आर्चबिशप व्हिर्जिलियो दो कार्मो दा सिल्व्हा आणि गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव या दोघांना एकाच समारंभात कार्डिनलपद देण्यात आले. एकेकाळी एकाच व्हाइसरॉयच्या कारभारात असलेल्या या दोन भूमी तेथे शेजारी उभ्या होत्या. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्व तिमोर ‘आसियान’ या शेजारी राष्ट्रांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला; इंडोनेशिया त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक आहे.

१२ नोव्हेंबर हा तेथे राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोताएल चर्चमध्ये मिस्सा होते आणि लोक फुले व मेणबत्त्या घेऊन त्याच रस्त्याने सांता क्रूझकडे चालत जातात. १९९१ साली मारल्या गेलेल्यांपैकी अनेकांचे मृतदेह सैन्याने उचलून नेले; ते कोठे पुरले याचा पत्ता आजवर लागलेला नाही. त्यांचे नातेवाईक आणलेली फुले सेबास्तियांवच्या कबरीवर ठेवतात.